मासे का मेले, हे सांगणारी प्रयोगशाळा जिल्ह्यात हवी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

उन्हाळ्याच्या अखेरीस आणि पुन्हा पहिल्या पावसानंतर कुठल्या ना कुठल्या जलाशयात किंवा शेततळ्यात मासे मेल्याच्या बातम्या येतात. त्यांत बहुधा दोनच शक्यता मांडलेल्या असतात : कोणीतरी पाण्यात विष कालवले किंवा कारखान्याचे सांडपाणी मिसळले. ही दोन्ही कारणे खोटी नाहीत. परंतु पिंजरे आणि अस्तराची शेततळी यांत दाटीने मासे वाढवले जाऊ लागल्यापासून जिवाणू व विषाणूंमुळे होणारे रोग हेही मरतुकीचे मोठे कारण झाले आहे, आणि त्याचे निदान करण्याची सोय सामान्य मत्स्यशेतकऱ्याच्या आवाक्यात नाही.

मरतूक कशी झाली यावरून पहिला अंदाज बांधता येतो. पहाटेच्या वेळी लहानमोठे सगळेच मासे पाण्याच्या वर येऊन तोंडाची उघडझाप करत असतील आणि उजाडेपर्यंत तळे पांढरे झाले असेल, तर बहुधा पाण्यातला प्राणवायू संपलेला असतो. रोगाची चाल वेगळी असते. आधी मासे खाद्य सोडतात, मग आज चार, उद्या दहा असे मरू लागतात, आणि पुष्कळदा एकाच जातीचे किंवा एकाच वयाचे मासे जातात, तर शेजारची जात धडधाकट राहते. पंचनाम्यात एवढी नोंद जरी झाली, तरी निम्मे वाद मिटतील.

जिवाणूंपैकी एरोमोनास हा आपल्याकडे सर्वांत परिचित. तो गोड्या पाण्यात एरवीही असतोच, निरोगी माशाच्या आतड्यातही सापडतो. तळाशी कुजलेल्या खाद्यामुळे अमोनिया वाढला, दाटी झाली किंवा जाळे ओढताना खवले निघाले की तो डोके वर काढतो. मग रोहू-कटल्याच्या अंगावर लाल चट्टे व जखमा दिसतात, पोटात पाणी साचते आणि खवले उभे राहतात. तिलापियाला, म्हणजे उजनीकाठच्या चिलापीला, पाणी तापल्यावर स्ट्रेप्टोकॉकस हा दुसरा जिवाणू गाठतो. डोळे बाहेर येतात आणि मासा गोल गिरक्या घेत मरतो. अशा रोगांत पाणी बदलणे, खाद्य थांबवणे आणि दाटी कमी करणे यांचा उपयोग पुष्कळदा औषधापेक्षा अधिक होतो.

विषाणूचे तसे नाही. तिलापिया लेक विषाणूचे वर्णन इस्रायलमधील संशोधकांनी 2014 मध्ये प्रसिद्ध केले आणि 2018 मध्ये पश्चिम बंगाल व केरळमधील माशांत तो आढळल्याची नोंद झाली. तळ्यात सोडलेली बोटुकली, म्हणजे बोटभर लांबीची पिल्ले, काही आठवड्यांतच मोठ्या संख्येने मरते आणि त्यावर कोणतेही औषध चालत नाही. (माणसाला त्यापासून धोका नाही, हेही सांगितले पाहिजे, अफवेने बाजार बसतो तेव्हा निरोगी मासे विकणाऱ्या भोई-कोळी बांधवांचेही नुकसान होते.) अडचण अशी की डोळ्यांतील बिघाड आणि अंगावरची लाली या रोगातही दिसते, म्हणजे नुसत्या नजरेने जिवाणू आणि विषाणू यांत फरक करता येत नाही. त्यासाठी रोगजंतूचा जनुकीय अंश शोधणारी पीसीआर चाचणीच लागते, आणि तीही मरणासन्न पण जिवंत माशाचे यकृत व मेंदू यांचे नमुने नीट जतन केले तरच उपयोगी पडते. सडलेला मासा पिशवीत घालून शंभर कोस नेल्याने काहीही हाती लागत नाही.

निदान होत नाही म्हणून शेतकरी औषधाच्या दुकानात जातो आणि दुकानदार जे देईल ते प्रतिजैविक खाद्यात मिसळतो. विषाणूवर ते निरुपयोगी. जिवाणूवर अंदाजाने आणि अपुऱ्या मात्रेत वापरले तर पुढच्या वेळी तेच औषध लागू पडत नाही. नॉर्वेच्या सॅमन पालनात 1987 साली जवळपास 50 टन प्रतिजैविके वापरली गेली होती. प्रभावी लसी आल्यानंतर दहा वर्षांत तो वापर एका टनाच्याही खाली आला, आणि उत्पादन मात्र कित्येक पटींनी वाढले. तिथे कोणता जिवाणू मासे मारतो हे आधी नक्की ठाऊक होते, म्हणून लस करता आली.

जलचर रोगांवर राष्ट्रीय पातळीवर पाळत ठेवणारा कार्यक्रम 2013 पासून चालू आहे, 2023 मध्ये रोगाची माहिती कळवण्यासाठी मोबाइल ॲपही आले, आणि मुंबईत वर्सोव्याला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे. यांचे महत्त्व मी कमी मानत नाही. पण ॲपवर पाठवलेल्या छायाचित्रात विषाणू दिसत नाही, आणि भंडारा-गोंदियाच्या तलावावरून वर्सोव्यापर्यंत नमुना पोहोचवणे ढिवर समाजाच्या एखाद्या सहकारी संस्थेला परवडणारे नाही.

म्हणून दोन मागण्या आहेत. परराज्यांतून, विशेषतः पश्चिम बंगालमधून, आपल्याकडे मत्स्यबीज येते. अनुदानातून खरेदी होणाऱ्या बीजाच्या प्रत्येक खेपेची चाचणी उबवणी केंद्रावरच व्हावी आणि तिचा अहवाल बीजासोबत यावा, कारण विषाणू एकदा तळ्यात उतरला की पुढे करण्यासारखे फारसे उरत नाही. दुसरी मागणी जिल्हास्तरावरील तपासणीची. पशुवैद्यकीय प्रयोगशाळांमध्येच मत्स्यरोगांसाठी एक प्रशिक्षित तंत्रज्ञ आणि पीसीआर यंत्र दिले तरी सुरुवात होईल.

राज्य मंत्रिमंडळाने एप्रिल 2025 मध्ये मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला, आणि केंद्राने 2024 मध्ये मंजूर केलेल्या प्रधानमंत्री मत्स्य किसान समृद्धी सहयोजनेत मत्स्यसंवर्धनाच्या विम्याला प्रोत्साहन आहे. विमा कंपनी मात्र दाव्यासोबत मरतुकीच्या कारणाचा पुरावा मागणार, आणि तो प्रयोगशाळेच्या अहवालाखेरीज कुठून येणार, याचे उत्तर मत्स्यव्यवसाय विभागाने पुढच्या हंगामातील बीज तळ्यात पडण्यापूर्वी द्यावे, ही विनंती.

आपला,
एक मत्स्यशेतकरी, जि. सोलापूर