मासा ९६ तास जगला, पुढे काय?

संपादक महोदय,

कारखान्याच्या सांडपाण्यात मासे ९६ तास ठेवायचे, ९० टक्के जगले की पाणी पास! आपल्या पर्यावरण नियमांतली ही कसोटी फक्त मरण मोजते. गेल्या उन्हाळ्यात आमच्या खाडीत बोयटं तोंड वर काढून धापा टाकत होती, कल्ले फिकट पडलेले. मेली मात्र थोडीच. त्यांच्या अंड्यांचं, पिल्लांचं काय झालं, ते कोणी पाहिलं? डॅफ्निया या पाणपिसवेवर २१ दिवसांची चाचणी असते, तिच्यात पिल्लं किती झाली ते मोजतात. ती इथेही सक्तीची करा. आणि खाडीतले नमुने भरतीला नव्हे, ओहोटीला घ्या. भरतीत विष पातळ होतं, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल.

– एक मच्छीमार, रत्नागिरी जिल्हा