विषय : वीज गेली की स्विचचा इंजिन आयडी बदलतो, आणि त्यावर तुमच्या माणसाने दिलेला सल्ला

महोदय,

तुमच्या ग्राहक सेवेचा फोन आत्ताच ठेवला. शिरोली एमआयडीसीतल्या आमच्या फाउंड्रीत तुमचे मॅनेज्ड (दुरून देखरेख करता येणारे) नेटवर्क स्विच आहेत. वीज जाऊन आली की त्यांचा इंजिन आयडी, म्हणजे एसएनएमपी या नेटवर्क-देखरेखीच्या प्रोटोकॉलमधली प्रत्येक स्विचची स्वतंत्र ओळख, बदलतो. एसएनएमपीच्या व्ही३ आवृत्तीत युजरची गुप्त किल्ली (की) पासवर्ड आणि इंजिन आयडी मिळून बनते, हे तुम्हाला मी सांगायला नको. आयडी बदलला की जुनी किल्ली निकामी, आणि मॉनिटरिंग सर्व्हरला त्या स्विचचं काहीच दिसत नाही. आयडी हाताने टाकला, कॉन्फिगरेशन सेव्ह केलं, तरी रीस्टार्टनंतर पुन्हा नवाच. रीस्टार्ट झाला तरी आयडी तोच राहावा, म्हणून तो कायमस्वरूपी मेमरीत ठेवावा, असं आरएफसी ३४११ या इंटरनेट मानकात २००२ पासून लिहिलेलं आहे.

आजच्या फोनवर तुमचा माणूस म्हणाला, "सर, व्ही३ बंद करा. व्ही२सी लावा, कम्युनिटीत पब्लिक टाका, लगेच चालेल." मी म्हटलं, अहो, व्ही२सी या जुन्या आवृत्तीत कम्युनिटी, म्हणजे पासवर्डसारखा शब्द, उघडी जाते, वायरवर कुणीही वाचेल. तर म्हणे, "वाचू दे ना सर, फक्त रीडच आहे." मी म्हटलं, ऑथप्रिव्ह (ओळख-तपासणी आणि एन्क्रिप्शन दोन्ही) मिळतं म्हणूनच हे मॉडेल घेतलं, तुमच्या माहितीपत्रकात ते छापलंय. त्यावर तो हसला. म्हणाला, "सर, कोल्हापुरात तुमचं नेटवर्क बघायला कोण येणार?"

कोण येणार? आमचे ग्राहक येतात. इथलं कास्टिंग देशभरातल्या वाहन कारखान्यांत जातं, आणि ते लोक ऑडिटला आले की पहिल्यांदा हेच विचारतात. कोल्हापूर म्हणजे खेडं, इथे काहीही खपतं, असं तुमच्या कंपनीत शिकवतात का? पुण्या-मुंबईच्या ग्राहकाला हा प्रश्न विचारला असता का? मी पुढे काही बोलणार, तोवर "तिकीट क्लोज करतो" म्हणून त्याने फोन ठेवला. दोष तसाच, आणि तिकीट बंद!

भट्टीच्या लाइनवरचा स्विचचा पोर्ट बंद पडला की सर्व्हरच्या यूडीपी पोर्ट १६२ वर ट्रॅप, म्हणजे स्विचने आपणहून पाठवलेली सूचना, यायला हवा. इंजिन आयडी बदलला की सर्व्हर तो ट्रॅपही नाकारतो, आणि आम्हाला कळतं ते शॉप फ्लोअरवरून ऑपरेटर ओरडत आल्यावर. प्रत्येक वेळी वीज गेली की मी स्विच-स्विच फिरून युजर नव्याने बनवत बसायचं का? त्यासाठी मॅनेज्ड स्विचचे पैसे मोजलेत का?

तुमचे जुने स्विच आमच्याकडे वर्षानुवर्षं बिनतक्रार चालले. म्हणून मालकांसमोर तुमच्या नावाचा आग्रह मीच धरला होता. त्याचं फार वाईट वाटतंय.

तिकीट पुन्हा उघडा आणि आयडी टिकवणारं फर्मवेअर द्या, नाहीतर माल परत घेऊन पैसे द्या. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर वकिलाची नोटीस येईल. नव्या शेडची ऑर्डर तर आजच थांबवली आहे, आणि गोकुळ शिरगाव, कागलच्या ज्या कारखान्यांत माझा शब्द चालतो, तिथेही हे सांगणार आहे.

नेटवर्क विभाग प्रमुख,
शिरोली एमआयडीसी, कोल्हापूर