तेवढे दोन-तीन आठवडे निभावून नेऊ या

सप्रेम नमस्कार.

रामबागेतल्या आपल्या गणेशोत्सव मंडळाने यंदा रोषणाईचा खर्च निम्म्यावर आणायचे ठरवले आहे. वाचलेले पैसे आणि आपली देणगी एकाच कामाला लावायची आहे : मलेरियाने किडनी बंद पडून डायलिसिसवर असलेल्या रुग्णांच्या घरच्यांना इंदूरात टिकून राहता यावे.

पावसाळा सरता सरता झाबुआ, अलीराजपूर, बडवानीकडचे रुग्ण इंदूरच्या एम. वाय. या सरकारी रुग्णालयात येतात. गेल्या वर्षी आपली मुले तिथे डबे पोचवत होती. अलीराजपूरकडचा एक विशीतला मुलगा होता. आठवडाभर ताप, अंगदुखीवर दुकानातल्या गोळ्या, आणि लघवी काळ्या चहासारखी. पुढे तीही जवळजवळ थांबली. बाप लघवी मोजायची खुणांची प्लॅस्टिकची बाटली घेऊन खाटेशी बसून असे. दिवसभरात जेमतेम 50 मिली. दुसऱ्या दिवशीही तेवढीच. 11व्या दिवशी बाटली भरली, तेव्हा ती तशीच हातात घेऊन तो सिस्टरना दाखवायला धावला.

फॅल्सिपेरम या मलेरियाच्या घातक प्रकारात जंतू शिरलेल्या तांबड्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत चिकटून बसतात, काही फुटतात. त्यात ताप-उलट्यांनी अंगातले पाणी आटलेले. किडनीला रक्त पुरत नाही. क्रिएटिनिन, म्हणजे किडनी कितपत चालते ते दाखवणारा रक्तातला आकडा, 3 च्या वर गेले की डॉक्टर त्याला गंभीर मलेरिया म्हणतात. व्हायवॅक्स या दुसऱ्या प्रकाराला आपण साधा समजतो, पण त्यातही हे होऊ शकते. आर्टेसुनेट या मलेरियावरच्या औषधाच्या इंजेक्शनांनी जंतू लवकर मरतात. किडनीला मात्र सावरायला वेळ लागतो, आणि तेवढ्यापुरते डायलिसिस लागते. वेळेवर उपचार मिळून जीव वाचला, तर बहुतेकांची किडनी पुन्हा नीट चालू लागते. हे कुणी समजावून सांगितले नाही, तर ‘किडनी गेली’ एवढेच ऐकून माणसे रुग्णाला घरी न्यायला निघतात. सोयाबीनची काढणी तोंडावर, रोजची मजुरी बुडालेली, धाकटी पोरे शेजाऱ्यांकडे. त्यांना दोष कसा द्यायचा?

म्हणून दोन वेळचे जेवण, गावी जायचे बसभाडे, बाहेरून आणावी लागणारी औषधे, यासाठी पैसे हवेत. रक्कम कितीही चालेल, पावती जरूर घ्यावी. एम. वाय.पासून जवळ कुणाची खोली रिकामी असेल तर महिनाभरासाठी द्यावी. रक्तदात्यांनी नाव आणि रक्तगट नोंदवावा. गेल्या 3 महिन्यांत मलेरिया झालेल्यांनी मात्र रक्त देऊ नये. आणि भिली-भिलाली बोलणारे कुणी ओळखीत असेल तर त्यांना आवर्जून घेऊन या. डॉक्टरांचे म्हणणे आईबापांना त्यांच्या बोलीत कळणे, याची गरज आम्हाला पैशांइतकीच वाटते.

आपल्या घरीही ताप आला तर आधी रक्त तपासा. डॉक्टरांना न विचारता ब्रुफेन, डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या घेऊ नका. आधीच ताण पडलेल्या किडनीला त्या जड जातात.

मंडळाच्या खोलीत रोज संध्याकाळी 7 ते 9 कार्यकर्ते बसलेले असतात. अनंत चतुर्दशीनंतरही बसतील, कारण रुग्ण तेव्हाही येत असतात.

आपले,
मंडळाचे कार्यकर्ते, रामबाग, इंदूर