उष्णता बघायला डोळा नाही, कातडी लागते

संपादक महोदय, नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत ‘प्रेडेटर’ या सिनेमातल्या, अंगाची उष्णता बघून शिकार करणाऱ्या परग्रहावरच्या शिकाऱ्याबद्दलचा लेख वाचला, दोनदा वाचला खरं तर, कारण विषय माझ्या फार आवडीचा. पण त्यातलं एक वाक्य काही केल्या पटत नाहीये. लेखात म्हटलंय की त्या शिकाऱ्याचे डोळे पिढ्यानपिढ्या बदलत गेले आणि लाल रंगाच्या पलीकडचं दिसायला लागलं. मला वाटतं उष्णता बघणारा अवयव डोळ्यातून तयार होणं जवळपास अशक्य आहे, तो आला असेल तर कातडीतूनच.

उन्हाच्या रंगांच्या पट्ट्यात लालच्या पलीकडे काहीतरी आहे हे 1800 साली खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्षलने थर्मामीटर ठेवून दाखवलं, तिथे काही दिसत नव्हतं तरी पारा चढत होता. त्यामुळे आपल्याला वाटतं की लालच्या जरा पुढे सरकलं की झालं. पण तसं नाहीये. आपल्याला दिसणारा लाल साधारण 0.7 मायक्रॉनला (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) संपतो आणि 37 डिग्रीच्या शरीरातून निघणारी उष्णता सगळ्यात जास्त असते ती 9 ते 10 मायक्रॉनला, म्हणजे तरंगलांबी तेरापट झाली. आणि डोळा म्हणजे शेवटी पाण्याने भरलेला गोळा. केसाच्या जाडीएवढं पाणी मधे आलं तरी हे किरण जवळजवळ सगळे तिथेच जिरतात, मग मागच्या पडद्यापर्यंत पोचणार काय? साधी काचसुद्धा त्यांना अडवते, म्हणून तर थर्मल कॅमेऱ्याची लेन्स जर्मेनियमची करतात. बरं, समजा पोचले, तरी त्या प्रकाशाच्या एका कणात हिरव्या प्रकाशाच्या कणाच्या विसाव्या हिश्शाएवढीच ऊर्जा, आणि एवढ्याशा धक्क्याने बदलणारा रेणू डोळ्यात असला तर तो स्वतःच्या अंगाच्या उष्णतेनेच सारखा बदलत राहील, म्हणजे डोळे मिटले तरी समोर लख्ख उजेड.

निसर्गाने हा प्रश्न सोडवलाय आणि तो डोळा बाजूला ठेवून सोडवलाय, ही गोष्ट लेखात यायला हवी होती. चापडा नावाच्या विषारी सापाच्या नाकपुडी आणि डोळ्याच्या मधे एक खळगा असतो, अजगराच्या ओठांवर खळग्यांची रांग असते (घोणस नात्याने चापड्याच्या जवळची, पण तिला हे खळगे नाहीत). चापड्याच्या खळग्यात साधारण 15 मायक्रॉन जाडीचा पडदा हवेत ताणलेला असतो, इतका पातळ की जराशी उष्णता पडली तरी तापतो. 2010 मध्ये कळलं की त्यातल्या मज्जातंतूंवर जे प्रोटीन उष्णता ओळखतं तेच आपल्या अंगात मोहरीचा झणका ओळखतं! रक्त पिणाऱ्या वटवाघळाने मिरचीचा तिखटपणा ओळखणारं प्रोटीन किंचित बदलून नाकावर वापरलंय. दोन्हीकडे सुरुवात चेहऱ्याच्या कातडीतल्या मज्जातंतूंपासून. सापात हा निरोप जातो तोही चेहऱ्याच्या स्पर्शाच्या नसेतून, आणि पुढे मेंदूत डोळ्याच्या चित्राशी त्याची सांगड बसते.

मग त्या परग्रहावर काय झालं असेल? माझा अंदाज असा की त्याच्या पूर्वजाला आधी शिकार करायचीच नव्हती, फक्त गार जागा शोधायची होती, कारण सपाट कातडीलाही ऊन कुठल्या बाजूने येतंय एवढं कळतंच. मग कातडी खोल गेली, दिशा जास्त नीट कळायला लागली, आणि तोपर्यंत आसपास गरम रक्ताचे प्राणी आले असतील तर अंधारात ते आयते सापडायला लागले. याला वेळ फार लागायला हवा असंही नाही. 1994 मध्ये दोन शास्त्रज्ञांनी हिशोब मांडला होता की सपाट ठिपक्यापासून लेन्सवाला डोळा व्हायला चार लाखांपेक्षा कमी पिढ्या पुरतात. साप मात्र खळग्यापाशीच थांबला, कारण तोंड अरुंद केलं तर चित्र रेखीव होतं पण उष्णता कमी शिरते. पाण्याने भरलेली लेन्स उपयोगाची नाही तेव्हा किरण एकत्र आणायला उरतो आरसा, आणि आरशाचे डोळे खरंच असतात, स्कॅलप नावाच्या शिंपल्याला असे डझनावारी असतात. पण 10 मायक्रॉनला माणसाएवढं स्पष्ट दिसायचं तर खळग्याचं तोंड चार-पाच सेंटिमीटर रुंद हवं आणि चेहरा अंगापेक्षा गार हवा, नाहीतर स्वतःचीच उष्णता आड येणार.

म्हणूनच सिनेमातली एक गोष्ट मला मनापासून खटकते. तो शिकारी सगळ्यात कडक उन्हाळ्याच्या वर्षांतच येतो असं त्यात सांगितलंय. हे बरोबर उलटं हवं, झाडं, दगड, जमीन सगळं 37 डिग्रीच्या जवळ गेलं की त्यात माणूस वेगळा दिसणार कसा? त्याने थंडीत, रात्री यायला हवं होतं. सिनेमात नायक त्याच्यापासून लपायला अंगाला चिखल फासतो, तोही ओला आणि गार आहे तोपर्यंतच लपवेल, नंतर तो अंगाएवढाच तापतो.

आणि सावज काय करतं हा विषय लेखात आलाच नाही, तो मला सगळ्यात मोठा वाटतो. कॅलिफोर्नियातल्या जमिनीवरच्या खारी रॅटलस्नेक (चापड्यासारखाच खळगे असलेला साप) समोर आला की शेपटी गरम करून हलवतात, आणि ज्या सापाला उष्णता कळत नाही त्याच्यासमोर शेपटी हलवतात पण गरम करत नाहीत, हे 2007 मध्ये प्रयोगात दिसलंय. त्या ग्रहावरचे प्राणीही लाखो वर्षं असंच काहीतरी करत आले असणार, कुणी अंग गार ठेवत असेल, कुणी खोटी उष्णता दाखवत असेल, आणि शिकाऱ्याचा खळगा त्यांच्या मागे मागे सुधारत गेला असेल.

सिनेमावाल्यांना एक श्रेय मात्र द्यायलाच हवं. तो शिकारी मुखवटा काढतो तेव्हा त्याला सगळं लालसर आणि अस्पष्ट दिसतं, आणि इतक्या लांब तरंगांवर उघड्या खळग्याला दिसेल ते साधारण तसंच असेल, रेखीव चित्र मुखवट्यातल्या यंत्राचं.

आपला,
एक नियमित वाचक