लशीचं विचारत नाही

सातारा, रविवार दुपार

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

काल तू फोन ठेवलास तेव्हा राग आला होता. आता नाही. "आधी आई हो, मग मेट्रन" म्हणालीस ते बाबांनीही ऐकलं, आणि काही न बोलता गॅलरीत जाऊन बसले, म्हणजे त्यांनाही पटलं असणार. पण बोलणं अर्धवट राहिलं की माझ्या डोळ्याला डोळा लागत नाही, म्हणून लिहितेय. फ्लूच्या लशीचं विचारणार नाही. ते काल झालं.

कॅज्युअल्टीतला तुझा हा पहिलाच पावसाळा. फ्लू वर्षातून दोनदा उसळतो, एकदा जानेवारी ते मार्च आणि एकदा पावसाळ्यात, आणि ही पावसाळ्यातली खेप जास्त फसवी. वॉर्डात पेशंट निदान घेऊन येतो, तुमच्याकडे नुसता ताप येतो. फ्लू, डेंगी, मलेरिया, लेप्टो, सगळे एकाच बाकावर बसलेले असतात. म्हणून फ्लूच्या पेशंटची ए, बी, सी ही वर्गवारी नुसती पाठ असून भागत नाही, रात्री तीन वाजताही सुचली पाहिजे. ए म्हणजे साधा ताप-खोकला. तपासणी नाही, फ्लूची टॅमीफ्लू गोळी नाही, घरी पाठवायचं आणि २४ ते ४८ तासांनी पुन्हा बघायचं. सी तर दारातून आत येतानाच कळतो : धाप, छातीत दुखणं, गुंगी, उतरलेलं बीपी, थुंकीत रक्त, निळी नखं. गर्दीत निसटतो तो बी, आजार साधा पण धोका जास्त. पासष्टीच्या पुढची आजी, दिवस गेलेली, साखरवाला, स्टिरॉइड चालू असलेला. ही माणसं बिचारी गप्प बसून राहतात आणि आरडाओरडा करणाऱ्या ए-चा नंबर आधी लागतो. केस पेपर हातात आला की आधी विचारायचं : साखर आहे का, दिवस गेलेत का, दमा आहे का. बी निघाला तर रिपोर्टची वाट न बघता टॅमीफ्लू ७५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, पाच दिवस. पहिल्या ४८ तासांत सुरू झालं तर खरा उपयोग.

दमा बी-मध्ये येतो. म्हणजे तू बी आहेस, मनू. झालं, यापुढे काही बोलत नाही.

श्वास पूर्ण मिनिटभर मोज. पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं की लहान पोरांचं हमखास चुकतं, कारण त्यांचा श्वास एकसारखा नसतो. रडणाऱ्याचा तर मोजूच नकोस. आधी आईच्या मांडीवर शांत होऊ दे, मग झबलं वर करून पोटाकडे बघ. दोन महिन्यांच्या आत ६०, वर्षाच्या आत ५०, पाच वर्षांपर्यंत ४०, तिथपर्यंत गेलं की डॉक्टरांना उठवायचं, ओरडले तरी. ऑक्सिमीटरवर आंधळा विश्वास नको. पावसात भिजून आलेल्याचं बोट गार असतं, आकडा नाचतो. बोट चोळून गरम कर, नेलपेंट असेल तर पुस, आणि पडद्यावरची लाट स्थिर झाल्यावरचाच आकडा लिही. ९४च्या खाली असेल तर नातेवाईक काही म्हणोत, घरी पाठवायचं नाही.

"इंजेक्शन मारा, ताप उतरवा" म्हणून मागे लागतील. डेंगी नाही हे कळेपर्यंत ब्रुफेन नाही, डायक्लो नाही, रक्तस्रावाची भीती असते. पॅरासिटामॉल, मुलांना किलोला १५ मिलिग्रॅम, सहा तासांनी. मुलांना ॲस्पिरिन तर नाहीच नाही.

बघ, क्लास सुरू झाला माझा. माफ कर. हे सगळं तुला येतं. त्या दिवशी तू सीएमओंना "सर, याला सोडू नका, श्वास ३२ आहेत" म्हणालीस, ते बाबांनी गल्लीत तिघांना सांगितलं. सीएमओ म्हणजे कॅज्युअल्टीचे डॉक्टर, हे तिघांतल्या एकालाही कळलं नाही, तरी वाण्याने पाव किलो खारीक जास्त दिली. तुझ्या डब्यात घातलीय.

नेब्युलायझरचं मात्र लिहिणारच. त्याच्या वाफेबरोबर पेशंटचे थेंबही हवेत जातात. दाटीच्या हॉलमध्ये चार मशिनं एका रांगेत लावणं मला कधीच पटलं नाही. जिथे चालतं तिथे दम्याचा पंप आणि त्याला लावायचा नळा, स्पेसर : एक फवारा, पाच-सहा संथ श्वास, मग दुसरा. नेब्युलायझर लागलाच तर खिडकीजवळ, आणि तुझ्या तोंडावर एन-९५. साधा तीन पदरी मास्क ताप बघायला ठीक. सक्शन, स्वॅब, ट्यूब टाकणं याला पुरत नाही. नाकावरची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी दाब, एका हाताने चिमटलीस की मधे घडी पडते आणि तिथूनच हवा येते. मग हात ठेवून जोरात श्वास सोडून बघ. काढताना ग्लोव्हज आधी, एन-९५ शेवटी, खोलीच्या बाहेर, खालचा पट्टा आधी आणि मग वरचा. पुढून धरायचा नाही. पेशंटजवळ सगळ्या जपून वागतात, चुकतं ते चहाच्या खोलीत, जिथे सहा जणी मास्क हनुवटीला लावून एकच बिस्किटाचा पुडा फिरवतात.

तुला तो स्पेसर आठवतो? आजी त्याला फुसफुशी म्हणायची. २००९चा ऑगस्ट, तू दुसरीत. स्वाइन फ्लूने देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला, चौदा वर्षांची शाळकरी मुलगी. शाळा बंद, नायडू हॉस्पिटलबाहेर रांगा, मास्क मिळेनात म्हणून लोक रुमाल बांधून फिरत होते. तू बाहुलीच्या तोंडाला बाबांचा रुमाल बांधलास, तिच्या छातीला चमचा लावलास आणि म्हणालीस, "हिला घरघर आहे, फुसफुशी आणा." तेव्हा सगळे हसलो. काल फोनवर तुझा आवाज ऐकला आणि तो चमचाच आठवत राहिला. घसा साफ केला म्हणालीस. बरं.

ताप वाटला तर आधी मोजायचा, मग क्रोसिन. क्रोसिन खाऊन ड्यूटीवर गेलीस तर ताप कळणार नाही आणि शेजारच्या कॉटवरच्या म्हाताऱ्याला देऊन येशील. क्रोसिनशिवाय २४ तास ताप नाही, तेव्हाच परत जा. इनचार्ज बाई कुरकुरतील. स्टाफ कमी असतोच, नेहमीच कमी असतो.

सफाईच्या मावशींना हायपोत पाणी मोजून घालायला शिकव. पाच टक्क्यांचं हायपो, म्हणजे जंतू मारायचं ब्लीच, २०० मिली, पाणी ८०० मिली, म्हणजे एक टक्का. रोज ताजं करायचं, उजेडात जोर जातो. संडासच्या ॲसिडमध्ये कधी मिसळायचं नाही, विषारी वायू होतो. स्टीलच्या ट्रॉलीला स्पिरिट. आणि पाणी पीत जा. मास्क काढावा लागतो म्हणून आठ-आठ तास तहानलेल्या राहता, मग लघवीला जळजळ.

डॉक्टर-नर्सना मारहाण केली तर त्याचा कायदा आपल्याकडे २०१० पासून आहे, तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड. पण तो हात उठल्यानंतरचा. एकाच नातेवाइकाशी बोल, अर्ध्या अर्ध्या तासाने स्वतः जाऊन सांग, आणि उभी राहशील तेव्हा दार तुझ्या बाजूला असू दे.

संजू शनिवारी येतोय, त्याच्याकडे आत्याचं तूप, खारीक आणि दोन नवे पंप देतेय. जुन्यावरची तारीख बघून फेकून दे.

आता एकदाच. दंड दुखेल, नाइट कशी करू, हे कारण दोन दिवसांचं. टोचायच्या लशीतला विषाणू मेलेला असतो, त्याने फ्लू होत नाही. गेल्या वर्षीची यंदा चालत नाही. आणि आज घेतलीस तरी अंगात ताकद यायला दोन आठवडे लागतात, तोवर गणपतीची गर्दी तुमच्याकडे येऊन गेलेली असेल. लशीला अंड्याची ॲलर्जी आड येते असं सांगू नकोस, हॉस्टेलच्या मेसचं बिल मी बघितलंय.

तुझी
आई

ता.क. फोन करायला वेळ नसेल तर राहू दे. मेसेजमध्ये फक्त टोचल्याची तारीख टाक.