लिपी आदेशाने बदलते?

महोदय,

कोकणी रोमीत (रोमन लिपीत) लिहावी की देवनागरीत, यावरून आपल्या पत्रसदरात चाललेली हमरीतुमरी रोज वाचतो. लिपीचे काय, सरकारने एकदा आदेश काढला की लोक आपोआप शिकतात, असे एका पत्रलेखकाने ठासून लिहिले आहे. मी म्हापशाच्या छापखान्यात जुळारी होतो. सकाळी जत्रेतल्या नाटकाचे हँडबिल देवनागरीत, दुपारी तियात्र या कोकणी नाटकाचे रोमीत, असे छपाईचे खिळे जुळवण्यात उमेदीची वर्षे गेली. या गृहस्थांनी काळ्या समुद्राकाठच्या अबखाझ लोकांची हकिगत वाचावी.

त्यांना अबखाझ म्हणतो आपण. ते स्वतःला आप्सुआ आणि देशाला आप्सनी म्हणतात. जुन्या ग्रीक-रोमन लेखकांनी त्या किनाऱ्यावर आप्सिलाय आणि अबास्गोई अशा दोन टोळ्या नोंदल्या आहेत. पहिलीचे नाव घरात राहिले, दुसरीचे जॉर्जियन-रशियनांच्या तोंडून जगभर गेले, असे अभ्यासक मानतात. (पेडण्याचे पेर्नेम झालेल्यांना यात नवल वाटू नये.)

भाषा तर जुळाऱ्याचा घाम काढणारी. प्रमाण भाषेत ५८ व्यंजने, स्वर दोनच! बाराखडी चुटकीसरशी संपेल, पण खिळे ठेवायच्या पेटीला खण किती करायचे? १८६२ साली उस्लार या रशियन अधिकाऱ्याने रशियन वळणाची अक्षरे बेतून दिली. १८९२मध्ये द्मित्री गुलिया या अठरा वर्षांच्या पोराने माचावारियानी या शिक्षकाच्या जोडीने मुलांसाठी अंकलिपी काढली. इथवर ठीक चालले होते. पुढे सोव्हिएत राजवटीत १९२६ला वेगळीच लिपी आली, १९२८ला रोमन, १९३८ला जॉर्जियन, १९५४ला पुन्हा रशियन वळणाची. म्हणजे १९२७ साली शाळेत बसलेल्या मुलाला पस्तिशीच्या आत आपलीच भाषा चार लिप्यांत गिरवावी लागली. मध्येच १९४५-४६मध्ये अबखाझ माध्यमाच्या शाळाही जॉर्जियन करून टाकल्या. आदेश निघायला कधीच अडचण आली नाही.

आपल्याकडे गोव्यात १९८७च्या राजभाषा कायद्यात कोकणी म्हणजे देवनागरीतली कोकणी. मी मराठी माणूस, देवनागरी माझी भाकरी. मला ती गोडच लागणार. पण शेजारची म्हातारी आयुष्यभर रोमीत प्रार्थना वाचत आली, तिला या वयात पाटी-पेन्सिल घेऊन कोणी बसवायचे? आदेशाची एवढीच हौस असेल तर सरकारने एक जरूर काढावा: कोकणीतला अर्ज रोमीत आहे म्हणून कुठल्याही खिडकीवरून परत पाठवू नये.

– एक निवृत्त जुळारी, म्हापसा