आडनावबंधू की सख्खी भावंडं?

महोदय,

पृथ्वीजवळून जाणाऱ्या दोन लघुग्रहांच्या कक्षा जवळपास सारख्या, म्हणून ते एकाच खडकाचे तुकडे, अशी बातमी गेल्या आठवड्यात वाचली. मी संख्याशास्त्र शिकवत असे. निवृत्त झाले, तरी अशा ‘म्हणून’पाशी हात लाल पेनाकडे जातोच.

मग सर्वांसाठी खुल्या असलेल्या यादीतून हजार लघुग्रहांच्या कक्षांचे आकडे घेतले आणि प्रत्येकाची प्रत्येकाशी तुलना केली. हजार म्हणजे किरकोळ वाटतात, पण जोड्या होतात ४,९९,५००. दोन कक्षा किती सारख्या हे एका आकड्यात सांगणारं सूत्र वापरलं, साउथवर्थ आणि हॉकिन्स या संशोधकांचं, १९६३ सालचं, मुळात उल्कांसाठी केलेलं. जुळणाऱ्या जोड्या निघाल्या आणि खरं सांगते, मी हरखले. नंतर कक्षांची दिशा सांगणारे कोन चिठ्ठ्या टाकल्यासारखे एकमेकांत बदलून टाकले. आता नात्याचा प्रश्नच नव्हता, तरी जोड्या निघतच राहिल्या. आज माहीत असलेले पृथ्वीनिकट लघुग्रह ३०,००० हून जास्त आहेत. नुसते ३०,००० धरले तरी जोड्या ४५ कोटींच्या घरात जातात. एवढ्या गर्दीत आडनावबंधू भेटणारच.

दोन अशनींची, म्हणजे आकाशातून जमिनीवर पडलेल्या दगडांची, गोष्ट तर वर्गात सांगावी अशी. ७ एप्रिल १९५९ रोजी तेव्हाच्या चेकोस्लोव्हाकियात प्रिब्रमजवळ एक पडला, ६ एप्रिल २००२ रोजी जर्मनीत नॉयश्वानस्टाइनजवळ दुसरा. पडताना दिसलेल्या दोघांच्या अग्निगोलांची छायाचित्रं होती, त्यावरून काढलेल्या कक्षा जवळजवळ एकच. पण दगड तपासले तर जात वेगळी: एक साधा कॉन्ड्राइट, दुसरा एन्स्टॅटाइट कॉन्ड्राइट. एका आईची लेकरं म्हणणं कठीणच.

मंगळ आणि गुरूमधल्या लघुग्रहांच्या पट्ट्यात जपानी खगोलशास्त्रज्ञ हिरायामांना १९१८ सालीच कुटुंबं, म्हणजे एकाच खडकाच्या तुकड्यांचे गट, सापडली, कारण तिथल्या कक्षा दीर्घकाळ ओळख राखतात. आपल्या शेजारी मात्र पृथ्वी आणि शुक्र जवळून जाणाऱ्या प्रत्येकाला ओढतात. तुकडे झाल्यावर थोड्याच काळात माग पुसट होतो. २०१२ साली संशोधकांनी असं कुटुंब पद्धतशीर शोधलं, खात्रीचं एकही हाती लागलं नाही.

नातं दाखवता येतच नाही असं मात्र नाही. ‘२०१७ एसएन१६’ आणि ‘२०१८ आरवाय७’ या पृथ्वीनिकट लघुग्रहांची कक्षा तर जुळतेच, शिवाय परावर्तित प्रकाशाच्या वर्णपटावरून दोघांचा प्रकारही एकच ठरला. कक्षा गणिताने मागे नेल्या, तर दोघे दहा हजार वर्षांच्या आतच वेगळे झाले असावेत असं दिसतं. सूर्यप्रकाशाच्या सूक्ष्म रेट्याने खडक हळूहळू जोरात फिरू लागतो आणि तुकडा सुटतो, हे त्याचं एक संभाव्य कारण. २०१९ सालच्या या कामात कक्षेचं साम्य ही फक्त पहिली पायरी होती. आपल्या बातमीत त्यापुढची एकही पायरी नव्हती.

बातमीदारांनी पुढच्या वेळी संशोधकांना एवढंच विचारावं: निव्वळ योगायोगाने अशा किती जोड्या जुळल्या असत्या? उत्तर छापा, मग मथळ्यात खुशाल ‘कुटुंब’ म्हणा.

आपली,
एक निवृत्त संख्याशास्त्र शिक्षिका